सातासमुद्रापलीकडचे पनीर

दिवाळीच्या फराळाला अलीकडे एक नवा जिन्नस आला आहे. चकली, चिवडा, करंज्या यांची ताटली हातात पडली की उन्हाळ्यात युरोपला जाऊन आलेली मंडळी आपण तिकडे कसे फसलो याची गोष्ट वाढू लागतात. “व्हेनिसला एका कॉफीचे नऊ युरो घेतले हो!” “रोमला पाव मागितला नव्हता, तरी बिलात लावला!” “आणि जेवण? त्याचे तर नावच काढू नका.” सांगणाऱ्याच्या स्वरात दुःख असते, आणि थोडी प्रौढीही असते, कारण नऊ युरोंची कॉफी प्यायची तर प्रथम व्हेनिसला जावे लागते. मग ऐकणाऱ्यांतला एखादा जाणता पुढे सरसावतो आणि उपदेश सुरू होतो. चौकात बसू नये, कोणी दारातून हाक मारली तर आत शिरू नये, थेपले आणि मेतकूट बरोबर न्यावे, आणि सर्वांत उत्तम म्हणजे ज्या सहलीच्या पत्रकात ‘रोज भारतीय जेवण’ असे छापलेले असते तिच्यातच पैसे भरावेत.

ह्या उपदेशातल्या शेवटच्या कलमाशी माझे भांडण आहे. तो उपदेश मी एकदा तंतोतंत पाळला आहे आणि त्याची किंमत मोजली आहे. त्यानंतर माझे असे मत झाले आहे की, परदेशात आपण जे वाईट जेवतो त्यातले बहुतेक आपण मुंबईच्या विमानतळावरून बरोबर नेलेले असते. परक्या मुलुखातला सापळा भित्र्या माणसासाठी मांडलेला असतो, आणि परक्या ताटासमोर आपण मराठी मध्यमवर्गीय जितके भेदरतो तितके सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोरही भेदरत नाही. एक खुलासा आधीच करून टाकतो. मी जन्माने आणि सवयीने शाकाहारी आहे, वयाची साठी ओलांडली आहे, आणि मला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. तेव्हा “तुम्हांला बोलायला काय जाते?” हा प्रश्न कृपा करून मला विचारू नये.

व्हेनिसचाच प्रसंग सांगतो. बारा दिवसांची सहल, बेचाळीस माणसांचा आमचा तांडा. दुपारभर कालव्यांच्या कडेने चालून पाय दुखू लागले होते. सायंकाळी साडेसहा वाजता सहलीच्या व्यवस्थापकाने हातातली छत्री उंच धरून आम्हांला एका गल्लीत नेले आणि एका उपाहारगृहाच्या मागच्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसवले. ताटे मांडलेलीच होती. पिवळे वरण, लाल रश्श्यात बुडालेले पनीर, गार झालेला बासमती भात, पापडाचा एक तुकडा आणि माणशी एक गुलाबजाम. ते पनीर आमच्या ओळखीचे होते. आदल्या दिवशी ते इन्सब्रुकला भेटले होते आणि त्याच्या आदल्या दिवशी ल्यूसर्नला. पंचवीस मिनिटांत आम्हांला उठायचे होते, कारण दाराशी दुसरी छत्री येऊन उभी राहिली होती.

माझ्या शेजारी एक निवृत्त कार्यकारी अभियंता बसले होते. भाताचा गोळा मोडता मोडता ते म्हणाले, “जेवण भिकार आहे हो, पण आपले आहे.”

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून, सहा महिने आधी व्हिसाचे कागद जुळवून, आयुष्यात एकदाच म्हणून माणूस व्हेनिसला जातो. आणि तिथे, पाण्यावर तरंगणाऱ्या त्या नगरीत, खिडकी नसलेल्या खोलीत बसून भिकार जेवण आपले म्हणून गिळतो. त्याला फसवले कोणी? नऊ युरोंची कॉफी देणाऱ्याने तर नव्हे. त्या कॉफीची किंमत कार्डावर छापलेली होती.

उपाहारगृहाच्या धंद्याचे गणित फार साधे आहे. ज्याला आजचे गिऱ्हाईक उद्या परत यायला हवे असते तो नीट रांधतो. ज्याला ठाऊक असते की हा माणूस ह्या जन्मी पुन्हा दिसणार नाही, त्याला नीट रांधण्याचे कारण उरत नाही. गिरणगावातल्या खानावळींचे जेवण साधे असे, पण ते चोख असे; कारण महिन्याचे पैसे देणारा गिरणीकामगार पाळी संपली की पुन्हा त्याच पाटावर येऊन बसणार होता, आणि आमटी पातळ झाली तर पुढल्या महिन्यात शेजारच्या बाईकडे जाणार होता. उलट, कोणत्याही तीर्थक्षेत्राच्या देवळासमोरच्या हॉटेलात काय मिळते हे मी सांगावयास नको. काशी-गयेच्या वाऱ्या करणाऱ्या आपल्या आज्यांना हा भेद चांगला कळत होता. व्हेनिस हेही एक तीर्थक्षेत्रच आहे. त्या बेटांवरच्या मूळ शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली तो आकडा ५०,००० च्या खाली आला. शहर रिकामे होते आहे आणि पाहुणे इतके वाढले आहेत की, २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसत्या दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. उद्या परत येणारे गिऱ्हाईक जिथे नाहीसे होते तिथे स्वयंपाकही नाहीसा होतो. २०१८ च्या जानेवारीत सान मार्को चौकाजवळ चार जपानी विद्यार्थ्यांना चार स्टेक, तळलेल्या मासळीचे एक ताट आणि पाणी यांचे बिल १,१०० युरोंहून अधिक आले. ओरड झाली, तपासणी झाली, त्या उपाहारगृहाला हजारो युरोंचा दंडही झाला. अशी लबाडी असते, हे मी नाकारीत नाही.

परंतु आता हेच गणित आमच्या मागच्या खोलीला लावून पाहा. तिथे जेवणारा उद्या येणार नव्हता, आणि एवढ्यावरच ते थांबत नाही. तिथे जेवणारा एक होता आणि जेवणाचा भाव ठरवणारा दुसरा होता. माणशी इतके युरो, इतकी ताटे, इतकी मिनिटे, असा ठराव मुंबईतल्या एखाद्या कचेरीत कितीतरी महिने आधी झालेला. वरण पाणचट निघाले म्हणून आम्ही उठून जाऊ शकत नव्हतो, कारण पैसे भरून झाले होते; आणि उपाहारगृहाला आमची नाराजी कळण्याचे कारण नव्हते, कारण त्याचे गिऱ्हाईक आम्ही नव्हतोच, ती कचेरी होती. चौकातला लबाड निदान तुम्हांला आत बोलावण्याची तसदी घेतो. येथे आपण रांगेने, आभार मानीत, आपल्या पायांनी आत जातो.

ही पद्धत नवी नाही. १८४१ च्या जुलैच्या ५ तारखेला टॉमस कुक नावाच्या दारूबंदीच्या प्रचारकाने सुमारे ५०० माणसांना एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले, तेव्हापासून ती चालत आली आहे. त्याच्या नावाची ब्रिटनमधली मूळ कंपनी २०१९ साली बुडाली, पण पद्धत टिकली. तिने पुष्कळांचे भले केले, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांना एकट्याने स्टेशन सोडण्याचा धीर झाला नसता अशा हजारोंना तिने जग दाखवले. आमच्या तांड्यात पंच्याहत्तरीच्या एक आजी होत्या. तिकीट, हॉटेल, सामान यांची काळजी दुसऱ्याने घेतली नसती तर त्या कोल्हापूरच्या पुढे गेल्या नसत्या. सामानाची काळजी दुसऱ्यावर सोपवा, खुशाल सोपवा. जिभेची काळजीही त्याच्यावर सोपवली की तो तिला सर्वांत स्वस्त खुंटीला टांगणार, यात त्याचा दोष किती आणि आपला किती?

“पण आम्ही शाकाहारी!” ही हाक आता ऐकू येते. ठीक आहे, शाकाहाराविषयीच बोलू. इटलीत जाऊन शाकाहारी माणूस उपाशी राहतो हे जितक्या वेळा सांगितले गेले आहे तितक्या वेळा कोणी जेनोव्हाच्या गल्लीत उभे राहून पाहिलेले नाही. तिथे हरभऱ्याच्या डाळीच्या भावंडाचे, म्हणजे काबुली चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यांचे मिश्रण तांब्याच्या रुंद परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. तिला फारिनाता म्हणतात. आपल्या बेसनाच्या धिरड्याची ती थोरली बहीण शोभेल. सिसिलीत पालेर्मोला जाल तर तेच पीठ शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात आणि पावात घालून देतात. तिचे नाव पानेल्ला. आपल्या पाटवडीला ती पाहून घर आठवेल. तोस्काना प्रांतात शिळा पाव, पांढऱ्या शेंगांचे दाणे आणि कोबीच्या जातीची काळपट पाने एकत्र शिजवून रिबोल्लिता करतात. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्या बायकांना त्या स्वयंपाकघरात दुभाष्याची गरज लागणार नाही. आणि भात? व्हेनिसच्या मागेच, व्हेरोनाच्या सखल भागात, भाताची शेते आहेत. विआलोने नानो नावाचा आखूड, जाड दाण्याचा तांदूळ तिथे पिकतो आणि त्याचा रिसोत्तो करतात. त्या तांदळाच्या देशात बसून आम्ही बेचाळीस मराठी माणसे दूरदेशीहून आलेला गार बासमती चिवडत होतो! जे मासे खातात त्यांचे पाप तर याहून मोठे आहे. मालवणचा माणूस व्हेनिसला जाऊन कांदा-व्हिनेगरात मुरवलेली तारली न खाता पनीर खाऊन परत येतो, त्याला रामेश्वर क्षमा करो.

शाकाहाऱ्याला जपावे लागते, ते खरे आहे. रिसोत्तो पुष्कळदा मांसाच्या अर्कात शिजवतात. शेंगांच्या सूपात डुकराची चरबी असू शकते. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते. पण यावर उपाय विचारणे हा आहे, पळणे हा नाही. “मांस नको, मासे नकोत, मांसाचा अर्क नको” एवढे वाक्य त्या त्या देशाच्या भाषेत पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. व्हिसाच्या अर्जात आजोळचे गाव लिहायला आपल्याला याहून अधिक वेळ लागतो.

खरी अडचण पोटाची नाही, ती मनाची आहे, आणि फार जुनी आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशांनी नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि कपभर चहावरून ग्रामण्य माजले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. आज आपण ती हकीकत हसून सांगतो. समुद्र ओलांडणे आता पाप राहिले नाही, उलट ते फेडण्यासाठी हप्ते मिळतात. पण दुसऱ्याच्या चुलीवरचे आपल्याला चालत नाही ही भावना आपण सामानात भरून विमानात चढवतो, आणि तिच्यावर ‘आरोग्य’ असे नवे लेबल लावतो. ज्यांच्यापुढे चहा आला त्यांना निदान कोणीतरी दुसरा दंड करीत होता. आपण तो सहलीच्या शुल्कात आगाऊ भरतो.

आता उलट टोकाच्या शहाण्यांकडे वळतो, कारण त्यांनाही सोडणे न्यायाचे होणार नाही. ही तरुण मंडळी सहलीबरोबर जात नाहीत. ती फोनमध्ये पाहून, जिथे हजारो लोकांनी तारे दिले आहेत तिथेच जेवतात आणि आपण फसलो नाही असे मानतात. त्यांच्यासाठी २०१७ सालची लंडनची हकीकत सांगतो. एका तरुण पत्रकाराने डलिच भागातली आपली राहती शेड एका प्रवासी संकेतस्थळावर उपाहारगृह म्हणून नोंदवली. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले. पदार्थांची छायाचित्रे म्हणून दाढीच्या फेसाचे आणि तसल्याच वस्तूंचे फोटो चढवले. नोव्हेंबरात ती शेड लंडनच्या सर्व उपाहारगृहांत पहिल्या क्रमांकावर पोहोचली, आणि तोवर तिथे एक पानही वाढले गेले नव्हते! तारे देणारे बहुतेक तुमच्यासारखेच एका दिवसाचे पाहुणे असतात. छत्रीमागून जाणे आणि ताऱ्यांमागून जाणे यांत फरक एवढाच की दुसऱ्यात चालणाऱ्याला आपण स्वतंत्र आहोत असे वाटते.

मग करावे काय? माझ्यापाशी एकच सूत्र आहे: उद्या परत येणारे गिऱ्हाईक जिथे बसले आहे तिथे बसावे. ते ओळखणे कठीण नाही. त्याला वेळ असते. इटलीत माणसे दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास जेवतात आणि रात्री साडेसातच्या पुढे. सायंकाळी पाच वाजता जिथे पूर्ण जेवण मिळते ते आपल्यासाठी उघडलेले असते. त्याला जागा असते. ती देवळापासून, चौकापासून, पुलापासून दहा मिनिटे दूर असते. जिथे दुपारी अंगावर रंगाचे डाग असलेले कामगार ठरावीक दरातले जेवण घेत असतात तिथे फोटो छापलेले पत्रक नसले तरी बिघडत नाही.

आणि बिल वाचायला शिकावे. आपल्या अर्ध्या तक्रारी फसवणुकीच्या नसतातच, त्या निरक्षरतेच्या असतात. इटलीत बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो लागतात. तो मेज मांडल्याचा आकार. तो पत्रकावर छापलेला असावा लागतो. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या कायद्याने तो आकारण्यास बंदी आहे, म्हणून तिथे पुष्कळदा पावाचे पैसे लावतात. पाव नको असेल तर टोपली आली की परत पाठवावी. हात लावून मग भांडू नये. मासळीपुढे ‘एत्तो’ हा शब्द दिसला तर तो भाव शंभर ग्रॅमचा आहे, सबंध माशाचा नव्हे. पदार्थापुढे चांदणीचे चिन्ह असेल तर बहुधा तो गोठवलेल्या मालातून केलेला आहे, आणि हे सांगण्याची सक्ती तिथला कायदा करतो. कॉफी उभ्याने घेतली तर एक भाव, मेजाशी बसून घेतली तर दुसरा, आणि समोर वाद्ये वाजत असतील तर त्यांचा आणखी निराळा. ज्याला वाद्ये ऐकायची आहेत त्याने पैसे द्यावेत. ज्याला कॉफी प्यायची आहे त्याने गल्लीत जाऊन फळीपाशी उभे राहावे, दीड युरोच्या आसपास काम होते.

आमचा मुक्काम व्हेनिसच्या बाहेर, मेस्त्रे गावात होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि माझी पत्नी ठरलेल्या जेवणाला गेलो नाही. व्यवस्थापकाने बजावून सांगितले की न घेतलेल्या जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत. ते ठाऊक होते. हॉटेलपासून पंधरा मिनिटे चालून एका लहानशा जागेत शिरलो. आठ-दहा मेजे, भिंतीवर दूरदर्शनचा संच, एका कोपऱ्यात पत्ते खेळणारे म्हातारे. गल्ल्यावरच्या बाईंना मी माझे पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवले. मी शेंगांच्या सूपाकडे बोट केले. त्या आत गेल्या, कोणाला तरी विचारून आल्या, आणि मान हलवून नाही म्हणाल्या; मला समजावे म्हणून त्यांनी नाकाचा शेंडा बोटाने वर करून डुकराचा आवाज काढला. पत्ते खेळणारे हसले. आम्हीही हसलो. मग त्यांनी पोलेंता आणून दिला: मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, वर अळंबी आणि वितळलेले चीज. मका अमेरिकेतून त्यांच्याकडे आला तसा आपल्याकडेही आला. दोन्ही गरिबांच्या स्वयंपाकघरांनी त्याचे आपापल्या परीने सोने केले. बिल दोघांचे मिळून सव्वीस युरो झाले, त्यात कोपेर्तो धरून.

त्या बाईंनी ते सूप मला निमूट विकले असते तर मला कळलेही नसते. मी पुन्हा येणार नव्हतो. पण त्यांच्या मेजावर रोज येणारी माणसे बसली होती, आणि त्यांच्यादेखत परक्याला फसवण्याची त्यांना सवय नव्हती.

सकाळी बसमध्ये आमच्याभोवती कोंडाळे झाले. “काका, पोट बरे आहे ना?” असे एकीने अगदी कळवळून विचारले. अभियंत्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली. त्या पंच्याहत्तरीच्या आजींनी मात्र वेगळे विचारले. त्या म्हणाल्या, “मक्याच्या घाट्यात मीठ घालतात का रे ते?” घालतात, असे मी सांगितले. “मग मला का नाही नेलेत?” असे म्हणून त्या रुसून खिडकीबाहेर पाहू लागल्या. बारा दिवसांतली माझी खरी चूक तेवढीच, आणि तिचे पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. ह्या दिवाळीत कोणी परदेशाहून परतलेला फराळाला आला आणि नऊ युरोंची कॉफी सांगू लागला, तर त्याला चकली वाढा, सगळे ऐकून घ्या, आणि मग विचारा, “तिथल्या कोणाच्या शेजारी बसून काय खाल्लेत?” तो गप्प राहिला, तर तो कोणाकडून फसला ते तुम्हांला कळेल.